पामेरियनचा पोटहिस्सा

१९९५ च्या दिवाळीआधी एका संध्याकाळी बाबा कचेरीतून अर्धा तास उशिरा आले आणि फाटकातूनच ओरडले, "पामेरियन आणलाय!" आजी आतून बरणी घेऊन धावत आली. रेशनच्या दुकानात तेव्हा पामोलिन तेल यायचं. ते आल्याची बातमी गल्लीत कुणाला आधी लागते, यावर महिन्याभराच्या भज्यांचं भवितव्य ठरायचं. पामेरियन आणि पामोलिन यांत फरक करायची वेळ आजीच्या कानांवर तोवर कधी आली नव्हती. बाबांनी पिशवीचं तोंड उघडलं. आत एक पांढरा गोळा होता. त्याला दोन काळे डोळे होते. बाहेर आल्या आल्या त्यानं बरणीला वळसा घातला, एक पाय वर करायचा प्रयत्न केला, तोल गेला म्हणून खाली बसूनच काम उरकलं.

"ओतलंच की," आजी म्हणाली आणि बरणी उचलून आत गेली.

बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. घरात येणाऱ्या वस्तूला कागद हवा, या मताचे. सण अग्रिमातले आठशे रुपये मोजून त्यांनी मिरज स्टेशनाबाहेरच्या एका माणसाकडून हे पिल्लू घेतलं आणि त्याच्याकडे पावती मागितली. कुत्र्याची पावती मागणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नसावं. त्यानं खिशातली एक लग्नपत्रिका काढून तिच्या पाठीवर लिहून दिलं : 'पामेरियन नर एक. रंग पांढरा. आई-बाप दोन्ही प्युअर. रु. ८००.' खाली सही, आणि बाबांच्या आग्रहावरून सहीशेजारी अंगठा. पुढच्या बाजूला कुणा चि. आणि चि. सौ. कां. यांचा शुभविवाह तसाच राहिला. वंशावळीचा एवढा पक्का कागद सांगलीतल्या दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याकडे नव्हता, याबद्दल बाबांना शंका नव्हती.

त्या काळी आमच्याकडे कुत्र्यांच्या जाती तीनच असत. मोठं आणि चावेल असं वाटणारं ते अल्सेशियन. पांढरं, केसाळ आणि सारखं भुंकणारं ते पामेरियन. उरलेलं सगळं गावठी. डॉबरमन ही चौथी जात होती, पण ती फक्त डॉक्टर आणि साखर कारखान्याच्या संचालकांकडे. त्यामुळे मध्यमवर्गाला निवड सोपी होती. अल्सेशियनला मटण लागतं आणि बंगला लागतो; पामेरियनला व्हरांडा पुरतो आणि आदल्या दिवशीची पोळी चालते. अनेकांनी फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा'ची पाटी मात्र अल्सेशियनचं तोंड असलेली लावली होती, कारण दुकानात तीच एक मिळायची.

वर्षभरापूर्वी 'हम आपके हैं कौन' येऊन गेला होता. त्यातला टफी क्रिकेटमध्ये अंपायर होतो आणि शेवटी योग्य चिठ्ठी योग्य माणसाकडे पोचवून दोन घरांचं कल्याण करतो. तेव्हापासून महाराष्ट्रात पांढऱ्या कुत्र्याचं दुसरं नाव ठेवायची सोयच उरली नाही. आमच्या गल्लीत तीन टफी होते. संध्याकाळी कुणीही "टफीऽऽ" म्हटलं की तिघेही धावत यायचे आणि मग ज्याचा त्यानं वेचून घ्यायचा. आमच्या टफीनं लाइटचं बिल, माझं प्रगतिपुस्तक आणि एक पोस्टकार्ड इतके कागद हाताळले, पण एकही कुठे पोचवला नाही. सगळे खाल्ले.

आजीच्या तोंडात टफीचं 'तुपे' झालं. "तुपे, बाजूला हो." "तुप्यांना दूध घातलंय का कुणी?" नवीन पोस्टमनला कितीतरी दिवस वाटत होतं की आमच्याकडे तुपे नावाचे कुणी भाडेकरू आहेत आणि आजीशी त्यांचं पटत नाही.

तुप्यांची वाढ हा पहिला संशयाचा मुद्दा. पिल्लू पिशवीत मावत होतं, सहा महिन्यांत ते सोफ्यावर मावेना. मी तेव्हा आठवीत होते. नगर वाचनालयातून कुत्र्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक आणून मी बाबांना दाखवलं की पामेरियनचं वजन फार तर तीन किलो असतं. बाबांनी टफीला गव्हाच्या डब्यात बसवून पिठाच्या गिरणीत नेलं. गिरणीवाल्यानं काट्यावर डबा ठेवला, सवयीनं डब्याचं वजन वजा केलं आणि म्हणाला, "तेरा किलो. जाड की बारीक?"

तेरा आणि तीन. बाबांनी पुस्तक पुन्हा पाहिलं, पानावर बोट ठेवलं आणि निकाल दिला : "छापताना एक राहिलाय."

यावर काय बोलणार? सातबाऱ्यावर आकडा चुकून आख्ख्या विहिरी गायब झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. पुस्तकातला एक आकडा गळणं त्यांच्या हिशेबी किरकोळ होतं.

खरा प्रसंग ओढवला लसीच्या वेळी. आमच्या भागात तेव्हा कुत्र्यांचे वेगळे डॉक्टर नव्हते. गुरांचे डॉक्टर होते, तेच वेळ मिळाला की कुत्रं बघत. आमच्या पुढे एक म्हैस होती, मागे एक म्हैस होती आणि मधे बाबांच्या कडेवर टफी. डॉक्टरांनी सुई टोचता टोचता सहज म्हटलं, "स्पिट्झ आहे हा. इंडियन स्पिट्झ."

बाबांचा चेहरा उतरला. "कितपत वाढलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"हेच. स्पिट्झ. गोळ्यांनी बरा होईल ना?"

डॉक्टरांनी म्हशींना थांबवून समजावलं. पामेरियनचं तोंड आखूड असतं, कान एवढेसे, केसांत दडलेले; याचं तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं आहे, कान मोठे, उभे, टोकदार. जर्मन भाषेत स्पिट्झ म्हणजेच टोकदार. इंग्रज साहेबांबरोबर यांचे पूर्वज हिंदुस्थानात आले. साहेब गेले, हे राहिले, इथल्या हवेला सरावले. लोक म्हणतात पामेरियन, पण असतात स्पिट्झच. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग खिशातून लग्नपत्रिका काढून डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी पुढची बाजू वाचून "अभिनंदन" म्हटलं.

घरी येताना बाबा म्हणाले, "नोंद एकदा लागली की लागली. ती बदलायची तर फेरफार घालावा लागतो, संबंधितांना नोटीस काढावी लागते, हरकतीला पंधरा दिवस द्यावे लागतात. म्हशीला सुई टोचता टोचता जात बदलत नाही." आणि टफी पामेरियनच राहिला. २००९ साली चौदाव्या वर्षी तो गेला, तेव्हा बाबांनी त्याच्या फाइलवर 'निकाली' असं लिहून ती कपाटात वरच्या खणात ठेवली. पावतीसकट.

मधल्या काळात मी लग्न होऊन पुण्यात आले, आजी गेली, गल्लीतले बाकीचे दोन टफीही गेले. पांढरी कुत्री रस्त्यावर दिसेनाशी झाली. त्यांच्या जागी लॅब्रॅडॉर आले, पग आले, शिह त्झू आले, आणि ज्यांचं नाव घेताना माणूस आधी घसा खाकरतो असे बरेच जण आले. आणि मग कोविडनंतर माझ्या लेकीनं, केतकीनं, पामेरियन आणला. खरा. नारिंगी रंगाचा, संत्र्याला केस फुटल्यासारखा. नाव मोदक.

त्याची किंमत मी इथे लिहीत नाही. बाबा हे वाचतात.

तर आता माझ्याकडे दोन्ही पुरावे होते : अल्बममध्ये टफी आणि सोफ्यावर मोदक. सोफ्यावर म्हणजे, ठेवलेला. स्वतः चढता येत नाही आणि उतरू द्यायचं नाही, कारण एवढ्या उंचीवरून उडी मारली तर पाय मोडू शकतो. शिवाय या जातीत मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास बराच आढळतो. आमच्या टफीनं गच्चीच्या जिन्याचे सहा कठडे, एक विहिरीचा काठ आणि पाटलांची भिंत उडी मारून पार केली होती. त्याची एकच वाटी सरकायची, दुधाची, आणि तीही तोच सरकवायचा.

मोदकचं वजन अडीच किलो. पामेरियन दीड किलोपासून साडेतीनपर्यंत, उंची वीतभर. म्हणजे एका टफीत पाच मोदक बसतात आणि वर थोडे केस उरतात. मोदकचं नाक चेहऱ्याच्या आत जायला निघालेलं, टफीचं नाक चेहऱ्याच्या पुढे एक मुक्काम. मोदकचे कान शोधावे लागतात. टफीच्या कानांवर आजी कधीकधी जपमाळ अडकवून ठेवायची. रंगाचं म्हणाल तर पामेरियन नारिंगी, काळा, मलईचा, तपकिरी, हवा तसा मिळतो. आपला स्पिट्झ बहुतेक करून दुधासारखा पांढरा, आणि पावसाळ्यात चहासारखा.

खाण्याचा फरक मी मुद्दाम नोंदवते, कारण कुत्र्यांच्या पुस्तकांत तो येत नाही. टफी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खायचा, वरणभात खायचा, एकादशीला साबुदाण्याची खिचडी मागायचा आणि एकदा देवघरातला नैवेद्य खाऊन तिथेच निरांजनाशेजारी झोपला होता. मोदकचं जेवण ग्रॅमवर. छोट्या काट्यावर मोजतात. त्याच्या पाकिटावर घटकद्रव्यांची यादी आहे, तीत सामन मासा, ब्लूबेरी आणि रोझमेरी आहे. आमच्या घरात एवढं चांगलं अजून कुणी जेवलेलं नाही. आणि बिचाऱ्याचं नाव मोदक असून गणपतीत त्याला मोदक चालत नाही.

उन्हाचंही तसंच. मे महिन्यात सांगलीची फरशी तापायला लागली की टफी मोरीत, पाण्याच्या रांजणाच्या बुडाशी ओल धरलेली असायची तिथे पोट टेकून पसरायचा. संध्याकाळी उठायचा तेव्हा पोट हिरवट झालेलं असायचं. मोदकसाठी एसी लागतो. केतकी ऑफिसला जाताना एसी चालू ठेवून जाते. मी घरी असले तर मलाही चालतो, पण तो मुळात त्याच्यासाठी आहे हे ती मला अधूनमधून सांगते.

सारखेपणा म्हणाल तर भुंकणं. यात दोन जातींत तिळमात्र फरक नाही. दाराची बेल, शेजारच्यांची बेल, टीव्हीतली बेल, बेल वाजणार अशी शंका. टफी भुंकायचा तेव्हा गल्ली म्हणायची, राखण करतो. मोदक भुंकतो तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो. कुत्र्यात बदल नाही, गल्लीची सोसायटी झाली एवढंच.

बाजारात आता हा घोळ नव्या नावांनी चालतो. टफीच्या मापाचं पिल्लू कुणी आठशे रुपयांना 'पामेरियन' म्हणून विकत नाही. 'टॉय पॉम', 'टी-कप पॉम', आणि मला सर्वांत आवडलेलं 'कल्चर पॉम'. हे शेवटचं ऐकून मला आधी वाटलं, भावगीतं ऐकणारा पामेरियन असेल, पुण्यात खपेल. पण मामला वेगळा. पुरता पामेरियन परवडत नाही आणि साध्या स्पिट्झवर समाधान होत नाही, अशा गिऱ्हाइकासाठी हे मधलं नाव. पिल्लू सहा आठवड्यांचं असताना सगळेच गोळे सारखे दिसतात. ते कल्चर्ड निघालं की तुपे निघालं, हे सोफा सांगतो, आणि तोही सहा महिन्यांनी.

बाबा दिवाळीला पुण्यात आले. आता त्यांनी ऐंशी ओलांडलेत. दार उघडताच मोदक पायाशी आला. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. "ही खार घरात कशी सोडलीत?"

"आबा, पामेरियन आहे," केतकी म्हणाली. "खरा." त्या 'खरा'वर तिनं जरा जास्तच जोर दिला. या घरात एकदा फसवणूक झाली होती, हे माझ्याकडून तिच्या कानावर गेलेलं.

मग दोन दिवस जुंपली. केतकीनं मोबाइलवर फोटो काढून दाखवले, नाक, कान, शेपटी. बाबांनी पावती काढली. हो, ते पावती घेऊन आले होते, प्लास्टिकच्या पाकिटात. तिसऱ्या दिवशी दोघांनी मला पंच नेमलं आणि मी केतकीच्या बाजूनं कायमचा निकाल लागावा म्हणून वाचायला बसले. इथे माझी चूक झाली.

पामेरियन हे नाव पोमेरेनिया या प्रांताचं. बाल्टिक समुद्राच्या काठचा हा पट्टा, आता बराचसा पोलंडात आणि थोडा जर्मनीत. "म्हणजे बेळगावसारखं," बाबा म्हणाले आणि सावरून बसले. स्लाव भाषेत 'पो मोरे' म्हणजे समुद्रालगत, त्यावरून पोमेरेनिया. तुप्यांच्या मुळाशी मोरे निघतील असं आजीला कधी वाटलं नसतं. तर तिथले कुत्रे लहान नव्हते. १७६७ साली इंग्लंडची राणी शार्लट हिनं, ती मूळची त्याच बाजूची, आपल्याकडचे पामेरियन इंग्लंडात आणवले. ते चांगले थोराड होते. त्याच सुमाराला गेन्सबरो नावाच्या मोठ्या चित्रकारानं एक पामेरियन कुत्री आणि तिचं पिल्लू रंगवलं. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मी ते मोबाइलवर काढलं आणि, काय सांगू, हातातला मोबाइल लपवावासा वाटला. मोठा पांढरा देह, लांब निमुळतं तोंड, उभे टोकदार कान.

बाबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "साल?"

"१७७७ च्या आसपास."

"हा तर टफी."

"आबा, ती कुत्री आहे."

"मग टफीची आई. प्युअर लिहिलंय पावतीवर."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे वाचलं, निदान पुढे तरी काही बरं असेल म्हणून. १८८८ साली व्हिक्टोरिया राणी इटलीत फ्लॉरेन्सला गेली आणि तिथून मार्को नावाचा छोटा पामेरियन घेऊन आली. साडेपाच किलोच्या आतबाहेर. राणीकडे छोटा म्हटल्यावर सगळ्या इंग्लंडला छोटा हवा झाला. पैदास करणाऱ्यांनी लहानातला लहान निवडून त्याची जोडी लहानातल्या लहानाशी लावली आणि पिढ्यांमागून पिढ्या कुत्रा आटत गेला, बासुंदीसारखा. १९०१ मध्ये राणी मरणशय्येवर होती तेव्हाही तिचा तुरी नावाचा पामेरियन बिछान्यावर होता.

"म्हणजे राणीनं मूळ नोंदीत फेरफार केला," बाबा म्हणाले. "हरकती मागवल्या होत्या?"

आणि मग सर्वांत अडचणीचं. कुत्र्यांच्या जातींची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवणारी जी संस्था आहे, एफसीआय, तिच्या दप्तरी पामेरियन ही स्वतंत्र जातच नाही. जर्मन स्पिट्झ ही एक जात. तिचे आकारानुसार पाच प्रकार. त्यांतला सर्वांत लहान तो पामेरियन. म्हणजे टफी पामेरियन नाही, स्पिट्झ आहे, असं जे डॉक्टर म्हणाले ते बरोबर. आणि मोदकही स्पिट्झ नाही असं मात्र कुणीच म्हणू शकत नाही.

हे वाक्य मी मोठ्यानं वाचायला नको होतं. बाबा उठून उभे राहिले. पस्तीस वर्षं जमिनीच्या नोंदी केलेल्या माणसाला यात अवघड काहीच नव्हतं. "गट एक. पोटहिस्से पाच," ते म्हणाले. "टफी मूळ गटाचा. हा पाचवा पोटहिस्सा. क्षेत्र अडीच किलो." त्यांनी मोदककडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच जरा प्रेमानं. धाकट्या वाटणीचा असला तरी घरातलाच निघाला होता.

केतकीला हार मानवेना. तिनं शेवटचा बाण काढला : १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावरचे तीनच कुत्रे वाचले आणि त्यांतले दोन पामेरियन होते. छोटे होते म्हणून. मांडीवर घेता आले, एकाला पांघरुणात गुंडाळून नावेत नेता आलं. "टफी असता तर?" तिनं विचारलं.

बाबा विचारात पडले. तेरा किलोचा टफी, ओला झाल्यावर पंधरा. कुठल्या नावेत कोण घेणार? "टफी गेलाच नसता टायटॅनिकवर," ते शेवटी म्हणाले. "त्याला रिक्षातसुद्धा ओकारी व्हायची."

दुसऱ्या दिवशी मोदकची लस होती. केतकीला मीटिंग, म्हणून मी आणि बाबा घेऊन गेलो. दवाखाना चकाचक, एकही म्हैस नाही. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला, बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खिशातलं स्वतःचं पेन उघडलं. प्राण्याचं नाव : मोदक. वय : दोन वर्षे. मालकाचं नाव लिहिताना त्यांनी केतकीच्या नावापुढे 'वहिवाटदार' असं घातलं. ब्रीडच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मी श्वास रोखून पाहत होते. त्यांनी आधी लिहिलं 'स्पिट्झ', मग तिरकी रेघ, मग 'पोटहिस्सा पामेरियन'.

फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकाना नव्हता. बाबांनी मुलीकडून पट्टी मागून घेतली, खालच्या कोऱ्या जागेत दोन रेघा आखल्या आणि वळणदार अक्षरांत लिहिलं : 'शेरा : वाढ अपुरी. समक्ष पाहणी केली.' खाली सही केली, तारीख घातली, आणि मोदकचा पुढचा उजवा पाय हातात धरून मुलीला विचारलं, "शाईचा पॅड आहे का?"